काचपेटीतला शिंगवाला

मच्छिंद्ररावांनी काचपेटीवरचं लाल मखमली कापड ओढलं, तेव्हा तृप्तीला पहिल्यांदा किळस आली. त्या वस्तूला अजून वास सुटायचा होता. किळस आली ती मच्छिंद्ररावांच्या तोंडावरचा तुपट आनंद बघून.

मच्छिंद्रराव म्हणजे कुंभार पिंपळगावच्या त्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष. तोंडात बारा महिने गुटखा. बोलताना समोरच्याच्या शर्टावर तांबडे शिंतोडे उडायचे आणि समोरचा ते पुसायचासुद्धा नाही, नुसती मान डोलवायचा. तृप्ती सात वर्षांपासून तिथं विज्ञान शिकवत होती, आणि सात वर्षांत ती एकच युक्ती शिकली होती: अध्यक्षसाहेब बोलत असले की दोन पावलं मागं सरकायचं.

"बघा मॅडम! शाळंच्या टाकीचा खड्डा खंदून राह्यले व्हते गडी, त्यात सापडलं. शिंगवाला डायनासोर! आपल्या गावात!"

पेटीत एक कवटी होती. पुढं पोपटासारखी वाकडी चोच, मागं सुपासारखी पसरलेली हाडाची झालर, आणि मधोमध दोन काळी, मागं वळलेली शिंगं. रंग जुन्या लोणच्यासारखा तपकिरी. वरून वार्निश मारलेलं, आणि वार्निशमध्ये एक मेलेली माशी चिकटलेली.

तृप्तीनं ती माशी बघितली आणि मग तिला हसावं का रडावं तेच कळेना. कारण हा प्राणी तिच्या फार ओळखीचा होता. प्रोटोसेराटॉप्स त्याचं नाव. मेंढीएवढा, चार पायांवर चालणारा, चोचीनं झाडपाला खुडून खाणारा गरीब जीव. मंगोलियाच्या वाळवंटात साडेसात कोटी वर्षांपूर्वीच्या वाळूत त्याचे सांगाडे सापडतात, तळहातावर मावणाऱ्या पिल्लांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्या वयांचे. कॉलेजात असताना सरांनी त्याच्या कवटीचा प्लास्टरचा ठसा वर्गात फिरवला होता. प्रत्येकाच्या हातात दोन मिनिटं. बाकीच्या मुली त्याच्याबरोबर फोटो काढत होत्या, आणि तृप्तीनं डोळे मिटून त्याच्या डोळ्याच्या खोबणीतून बोट फिरवलं होतं. एखाद्या माणसाला देवळातला गाभारा आठवतो तशी तिला ती खोबण आठवायची.

आणि गंमत अशी, की हा प्राणी शिंगवाल्या डायनासोरांच्या कुळातला असला तरी त्याला स्वतःला शिंगं नसतात. नाकावर जेमतेम एक उंचवटा, बस्स. हे ती दर वर्षी नववीला रंगवून सांगायची. तिच्या वर्गातल्या अफ्रीननं त्याचं मोठं चित्र काढून भिंतीला लावलं होतं. वर ठळक अक्षरात "शिंगवाल्या कुळातला छोटा शाकाहारी डायनासोर" आणि खाली बारीक अक्षरात "याला शिंगं नसतात." ज्यानं कोणी ही कवटी बनवली होती त्यानं चित्र नीट बघितलं होतं, पण बारीक अक्षरं वाचायचा कंटाळा केला होता.

"साहेब, याला शिंगं नसतात," तृप्ती म्हणाली.

"न्हाईत कशी? तुमच्याच भितीवर लिव्हलंय शिंगवाला म्हणून. मंग शिंगवाल्याला शिंगं नकोत?"

"आणि आपल्या टाकीचा खड्डा काळ्या पाषाणात खणलाय. तो पाषाण लाव्हा थंड होऊन झालेला. त्यात असलं हाड कुठून येणार? हा प्राणी आपल्या देशात सापडल्याचं मी तरी कुठं वाचलं नाही."

"मंग आता सापडला," मच्छिंद्रराव म्हणाले आणि कुंडीतल्या तुळशीत पचकन थुंकले. "शोधकर्त्या म्हणून तुमचं नाव टाकलंय बोर्डावर. सोमवारी प्रदर्शन हे. जालन्याहून शिक्षण खात्याचे साहेब येऊन राह्यले. तुम्ही फकस्त दोन शब्द बोलायचे. आन् हां, तुमच्या मान्यतेचा प्रस्ताव माझ्या ड्रॉवरातच हे बरं का. सोमवारी साहेबांची सही घेऊन टाकू जल्दी."

सात वर्षं तो प्रस्ताव त्या ड्रॉवरात होता. सही झाली की तृप्तीची नोकरी पक्की, नाही झाली की पुढच्या जूनमध्ये दुसरी कोणी बाई तिच्या जागी. तिनं काचेकडं बघितलं, माशीकडं बघितलं आणि म्हणाली, "बरं." तो शब्द तोंडातून निघाला तेव्हा शिळं तेल प्याल्यासारखं झालं तिला. पण प्यायली.

कवटी कुणाच्या हातची हे विचारायची गरज नव्हती. गावात मंडप घालणारा, गणपती रंगवणारा, कमानीवरचे मोर करणारा एकच इसम, बबलू. तो दुपारी पेटीभोवती झिरमिळ्या लावत होता आणि तृप्तीला बघून डोळा मारल्यासारखा हसला. तिनं मनाची समजूत घातली, की जाऊ दे, प्लास्टरच आहे. गणपतीही प्लास्टरचा असतो, त्यालाही लोक हात जोडतात.

तृप्ती तीर्थपुरीहून जीपनं यायची. स्टँडवर उतरलं की बाजारगल्लीतून शाळेचा रस्ता, आणि गल्लीच्या मध्यावर फकरोद्दीनचं मटणाचं दुकान. ते दुकान दिसायच्या आधीच, बांगडीवाल्याच्या टपरीपाशी, तिचा पदर आपोआप नाकावर जायचा. ती माळकऱ्याच्या घरातली. लहानपणापासून असं दुकान आलं की आई पदर लावायची, म्हणून तीही लावायची. श्वास धरून बारा-पंधरा पावलं टाकायची आणि पलीकडच्या किराणा दुकानापाशी सोडायची. सात वर्षं, जाताना आणि येताना. अफ्रीन त्याच फकरोद्दीनची मुलगी. वर्गात पहिल्या बाकावर बसणारी, तिच्या प्रत्येक वाक्याला प्रश्न विचारणारी.

शनिवारी अफ्रीननं विचारलंच. प्रदर्शनात पाहुण्यांना माहिती सांगायला तृप्तीनं तिलाच निवडलं होतं, कारण तिच्याइतकं स्वच्छ दुसरं कोणी बोलत नव्हतं.

"मॅडम, याला शिंगं कशी? तुम्ही तर शिकिवल्तं, नसतात म्हणून."

वर्गातली चाळीस डोकी वर झाली. पाहिल्याशिवाय लिहू नका, तपासल्याशिवाय मानू नका, असं दर तासाला बजावणारी बाई आता काय बोलते ते बघायला.

"ही वेगळी जात असेल," तृप्ती म्हणाली.

अफ्रीननं वही उघडली आणि लिहून घेतलं. वेगळी जात. खाली पट्टीनं रेघ मारली. तृप्तीला ती रेघ बघवेना. खोटं बोलून माणूस मोकळा होतो म्हणतात, पण हिचं खोटं आता निळ्या शाईत सुबक अक्षरात वाळत होतं. त्या दिवशी तिनं डबा उघडलासुद्धा नाही.

ऑक्टोबरचं ऊन होतं. पेटी व्हरांड्यात पश्चिमेकडं, वर दोन पिवळे दिवे. शनिवारी संध्याकाळी तृप्तीला काचेच्या आतून थेंब जमलेले दिसले. झालरीखालून एक पिवळट, तेलकट ओघळ मखमलीवर उतरला होता.

"पॉलिश सुकून राह्यलंय मॅडम," बबलू म्हणाला. "नवा माल हे."

"साडेसात कोटी वर्षांचा नवा माल," तृप्ती म्हणाली. तो खो खो हसला आणि काचेच्या फटी चिकटपट्टीनं बंद करून टाकल्या.

सोमवार उजाडला. शाळेला झालरी, फुगे, कर्ण्यावर गाणी. समोशांच्या परातीवर माशा बसत होत्या आणि स्वयंसेवक मुली पुठ्ठ्यानं त्या उडवत होत्या. शिक्षक मंडळी इस्त्रीच्या कपड्यांत ओळीनं उभी, जणू साहेब त्यांनाच पाहायला येणार आहेत. जालन्याचे साहेब अकराऐवजी एकला आले. मच्छिंद्ररावांनी त्यांच्या गळ्यात एवढा मोठा हार घातला की साहेबांची हनुवटी दिसेना. मग भाषण. त्यात गावाचं भाग्य, संस्थेची दूरदृष्टी आणि डायनासोर ही तिन्ही एकाच आईची लेकरं असल्यासारखी आली.

गर्दीत फकरोद्दीनही होता. मुलगी पाहुण्यांपुढं बोलणार म्हणून दुकानाचं अर्धं शटर ओढून आला होता. पांढरा स्वच्छ सदरा, कानात अत्तराचा बोळा, हात छातीशी बांधून तो भिंतीला टेकून उभा होता.

अफ्रीननं सुरुवात छान केली. मंगोलिया, वाळवंट, चोच, झालर. "आणि ही वेगळी जात आहे," ती म्हणाली, आणि तृप्तीकडं बघून हसली.

"अरे वा," साहेब म्हणाले. "पेटी उघडा की. हात लावून फोटो काढू."

बबलूचा चेहरा पडला. "साहेब, काच लई पक्की बसवली हे..." पण मच्छिंद्ररावांनी स्वतःच चिकटपट्टी टरकावली आणि झाकण वर केलं.

वास आला. आला म्हणजे काय, दोन दिवस कोंडलेला तो, दार उघडल्यावर बाहेर पडला. गोडसर, चरबट, घशाला चिकटणारा. फोटोवाला दोन पावलं मागं उडाला. पुढं बसलेल्या पाहुण्या बाईंनी तोंडातला समोसा रुमालात काढला. एक चिमुरडी "शीऽऽ" म्हणून ओरडली आणि मग सगळा व्हरांडा शी शी करू लागला. साहेबांनी गळ्यातला हारच नाकाला लावला. तृप्तीचाही हात केव्हा वर गेला, पदर केव्हा नाकावर आला, तिला कळलं नाही.

मच्छिंद्ररावांची नजर गरागरा फिरली. असल्या माणसांना दोष ठेवायला जागा शोधावी लागत नाही, ती त्यांना समोरच दिसते.

"आरं, हिला कोणी हुभं केलं इथं?" ते अफ्रीनकडं बोट करून म्हणाले. "साहेब, खाटकाची पोर हे ही. दुकानातून उठून तशीच येती. हिच्या कपड्याचा वास हे. ए, भाईर हो. हो भाईर!"

आणि लोकांना पटलं. ही त्यातली सगळ्यात ओंगळ गोष्ट. एका क्षणात शंभर माणसांना पटलं. मागच्या पोरांनी नाकं दाबली, कोणीतरी खिदळलं, तिच्या शेजारची मैत्रीणसुद्धा हातभर सरकली. अफ्रीनच्या अंगावर कडक इस्त्रीचा गणवेश होता, वेण्यांना नव्या पांढऱ्या फिती होत्या. ती रडली नाही. तिनं फक्त मान वळवून तृप्तीकडं बघितलं.

तृप्तीच्या नाकावर पदर होता.

ती तो खाली घेऊ शकली असती. नाही घेतला. मान्यता, ड्रॉवर, सही, साहेब हे सगळं डोक्यातून गेलं आणि पदर होता तिथंच राहिला. अफ्रीन मान खाली घालून पायऱ्यांकडं निघाली. आपण काय बाई आहोत, तृप्तीला वाटलं, आणि त्या वासापेक्षा जास्त किळस तिला स्वतःच्या हाताची आली, पदर धरलेल्या.

"मॅडम, चालू द्या तुमचं," मच्छिंद्रराव म्हणाले. "उदबत्ती लावा रे कोणीतरी!"

फकरोद्दीन गर्दीतून वाट काढत पुढं आला. तो काही बोलायला आला नव्हता. त्यानं मुलीच्या खांद्यावर हात ठेवला, दप्तर स्वतःच्या हातात घेतलं आणि वळला. वळताना त्याचं लक्ष पेटीकडं गेलं. तो थांबला आणि वाकून नीट बघितलं. आयुष्यभर एकच काम केलेला माणूस जसं बघतो तसं.

"साहेब," तो अदबीनं म्हणाला, "ये मुंडी तर माझ्या दुकानातली हे."

साहेबांनी नाकावरचा हार खाली घेतला.

"बाजारच्या दिवशी बबलूशेटनी नेल्ती. बोकड होता काळा, दोन वर्साचा. मुंडी भाजली, मंग सवयीनं भेजा काढायला एक घाव घातला, तवा शेट बोल्ले, तोडू नका, आख्खी पायजे. मी बोल्लो, शेट, आजच्या आज साफ करा, न्हाई तर खराब होईल. घाव बघा, शिंगाच्या मधी. मी डावखुरा हे, माझा घाव तिरका उतरतो. बिलकुल तिथंच असंल, त्या झालरीच्या खाली."

"फकरूभाई, तोंड सांभाळून!" मच्छिंद्रराव ओरडले. थुंकीचे शिंतोडे साहेबांच्या हारावर पडले. "मॅडम बीएस्सी हेत. मॅडम, सांगा यान्ला. काय हे ते?"

सगळे तृप्तीकडं बघू लागले. अफ्रीन पायरीवर थांबली होती, पण ती वळली नाही. पाठमोरीच उभी राहिली, दोन पांढऱ्या फिती आणि ताठ मान.

तृप्तीनं पदर सोडला. वास सरळ आत गेला, पार पोटापर्यंत. ती पेटीजवळ गेली, दोन्ही हात आत घातले आणि ती चिकट, गिळगिळीत वस्तू उचलली. झालरीला धरून तिनं जोर लावला. प्लास्टर पापडासारखं मोडलं. खाली शिंगांच्या मधोमध एक चीर होती, डावीकडून उजवीकडं तिरकी उतरलेली, आणि त्या चिरेत पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. दोन-तीन तिच्या मनगटावर पडल्या. चोच गळून फरशीवर आपटली आणि आतून बबलूनं चुलीवर अर्धवट उकडलेल्या बोकडाचे पिवळे दात दिसले.

"बोकड आहे," तृप्ती म्हणाली. आवाज घोगरा निघाला म्हणून ती पुन्हा मोठ्यांदा म्हणाली, "बोकड आहे साहेब. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं की हे खोटं आहे. टाकीत काही सापडलं नाही. वास याचा आहे, पोरीचा नाही. आणि वेगळी जात वगैरे काही नाही, ते मी वर्गात खोटं सांगितलं."

साहेब गाडीकडं चालू लागले. मच्छिंद्रराव त्यांच्यामागं हार सावरत धावले, आणि जाताजाता तृप्तीच्या कानाशी म्हणाले, "उद्या येऊ नका." त्यांच्या तोंडाचा वास तिला त्या क्षणी पेटीतल्यापेक्षा वाईट वाटला. बबलू तर केव्हाच मंडपाच्या मागून पसार झाला होता.

तृप्तीनं कवटी पेटीत ठेवली, व्हरांड्याच्या कडेला गेली आणि भडाभडा ओकली. सकाळचा चहा, कालची भाकर, सगळं. डोळ्यांतून पाणी आलं. मागं माणसं पांगत होती, खुर्च्या सरकत होत्या. कोणी जवळ आलं नाही. ओकणाऱ्या माणसाजवळ कोण येतं?

मग कुणीतरी तिच्या मनगटावरची अळी बोटानं झटकली आणि पाण्याची बाटली पुढं केली. अफ्रीन होती. फकरोद्दीन दूर दप्तर धरून, दुसरीकडं बघत उभा होता.

तृप्तीनं चूळ भरली, तोंड धुतलं. "अफ्रीन," ती म्हणाली, "चुकलं माझं. आधी बोलायला पाहिजे होतं."

"पानी प्या मॅडम."

ती प्यायली. अफ्रीननं बाटलीचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं. काहीतरी सांगायचं होतं तिला आणि सांगू का नको असं चाललं होतं.

"मॅडम, आमच्या दुकानची पायरी हे ना, ती रोज मी धूत असती. सकाळी, तुमची जीप यायच्या आधी. फिनाईल टाकून, दोन बादल्या. अब्बा म्हंतात, यवढं कशाला, गिऱ्हाईक तर दहाला येतं." ती थांबली. "पाचवीत व्हते तवापासून धुती मी. तुम्ही तिथून जाता ना, म्हणून. तुम्हाला वास येऊ नई म्हणून."

तृप्तीनं बाजारगल्लीच्या दिशेला बघितलं. बांगडीवाल्याच्या टपरीपासून किराणा दुकानापर्यंत, सात वर्षं तिनं श्वास धरला होता. त्या पायरीला वास येतो की नाही, हे तिनं एकदाही श्वास घेऊन बघितलं नव्हतं.